कडूबाच्या नावची फुंक

पत्र वाचता वाचता दयारामच्या तोंडात पुठ्ठ्याची चव आली. आठवण नव्हे, चवच. जिभेच्या मधोमध, ओलसर, जराशी गोडूस, शाळेत वहीचा पुठ्ठा चघळल्यावर यायची तशी. तो थांबला, थुंकी गिळली आणि पुन्हा त्याच ओळीवर आला. समोर बंबाच्या सावलीत सहा-सात माणसं उकिडवी बसली होती. नगरपालिकेचं पत्र आलं की ते दयारामनंच मोठ्यानं वाचायचं असा या अग्निशमन केंद्रातला रिवाज होता, कारण 'उपरोक्त' आणि 'सबब' हे शब्द तो न अडखळता म्हणायचा, आणि म्हणताना त्याच्या आवाजाला अशी काही ऐट यायची की ऐकणाऱ्याला वाटावं, पगारवाढच झाली. आस्थापना विभागातली रेणुका पोचपावतीचं रजिस्टर पोटाशी धरून उन्हात उभी होती. मार्च लागला होता आणि दुपारचे बारा वाजले होते. "वाचा ना दयाराम भाऊ, मले अजून तीन ठिकानी जाचं हाये," ती म्हणाली. मग त्यानं वाचलं.

राज्याच्या निधीतून अग्निशमन कर्मचाऱ्यांसाठी दरवर्षी जे प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचं शिबिर व्हायचं, ते यंदापासून या केंद्रात होणार नाही, असं त्या पत्रात होतं. कारणही दिलेलं होतं, आणि सरकारी पत्राला शोभेल असं नीट दिलेलं होतं. मागील तीन वर्षांत सदर केंद्रातील एकाही कर्मचाऱ्यामध्ये श्वसनविषयक दोष आढळून आलेला नाही. सबब, निकड नसल्याने, सदर निधी अन्यत्र वळविण्यात येत आहे. दयारामनं 'सबब' म्हटलं आणि या खेपेला त्यात ऐट नव्हती. मग ज्ञानेश्वर, जो पाइप धरायला सगळ्यांत पुढे असतो आणि बोलायलाही, तो म्हणाला, "म्हंजे आपून लय तंदुरुस्त आहो." दोघे-तिघे हसले. हसता हसता एकाला ठसका लागला, तो काही केल्या थांबेना, आणि तो थांबेपर्यंत बाकीचे जमिनीकडे पाहत राहिले. रेणुकानं रजिस्टर पुढे केलं. दयारामनं सही केली, तारीख टाकली. बंबाच्या चाकापाशी जिथे कडूबा बसायचा तिथली जागा मोकळी होती. तिथे कोणीच बसलं नव्हतं, सावली असूनही.

कडूबाला दवाखान्यात नेऊन आज नववा दिवस. कडूबा म्हणजे बंबाचा ड्रायव्हर, वय एक्कावन्न, शरीर पहिल्यापासून काटक. नोकरीला तो आणि दयाराम एकाच दिवशी लागले होते, सोळा वर्षांपूर्वी, एकाच कागदावर. लागले म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. केंद्रप्रमुख हिंमतराव साहेब सोडले तर इथे सगळेच कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी बसायचं, मग पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर. तो एक दिवस फार वाईट. त्या दिवशी दयाराम आणि कडूबा सकाळपासून नगरपालिकेच्या समोरच्या टपरीवर बसून असायचे, चहा घ्यायचे, वर खिडकीकडे पाहायचे, आणि दोघंही अशा थाटात बोलायचे की जसं काही पाहतच नाहीत. त्या एका दिवसात गावात आग लागली तर काय, असं कडूबा दर वर्षी विचारायचा. "तर आपून पाहायले जाऊ बे, लोकायसारखे," असं दयाराम दर वर्षी सांगायचा. एकदा खरंच लागली होती, एका पाइपच्या गोदामाला, आणि दोघं टपरीवरून उठून तसेच पळाले होते, बिनऑर्डरचे, बिनवर्दीचे. तोंडाला टपरीवाल्याचाच फडका बांधून. त्या दिवसाचा पगार मागायचं दोघांच्याही मनात आलं नव्हतं. हे दयारामला आता आठवलं आणि त्याला कडूबाचा नव्हे, स्वतःचाच राग आला.

पहिलं शिबिर झालं तेव्हा सगळ्यांना आधी बरंच वाटलं होतं. आपल्या छातीची कोणाला तरी काळजी आहे, तिच्यासाठी वर कुठेतरी पैसा बाजूला ठेवलेला आहे, ही गोष्टच नवी. पांढरी गाडी केंद्राच्या आवारात येऊन उभी राहिली, तिच्यावर फुप्फुसांचं गुलाबी चित्र. पण गाडीच्या आधी बातमी येऊन पोचली होती. दुसऱ्या कुठल्याशा गावात म्हणे दोघांच्या कागदावर 'अनफिट' आलं आणि पुढची ऑर्डर निघालीच नाही. खरं की खोटं कोणी पाहिलं नव्हतं. अशी गोष्ट पाहावी लागत नाही. कंत्राटी माणसाला ती ऐकणं पुरतं. रांगेत कडूबा दयारामच्या पुढे होता. गाडीच्या पायरीपाशी गेला आणि परत वळून आला. त्याचं तोंड उतरलं होतं. "माह्यानं नाही निघत बे फुंक," तो म्हणाला. "कालपासून घरी फुकून पाहून राह्यलो, मेनबत्ती इझत नाही. तू जाय ना. माह्या नावावर तू जाय." आणि दयाराम गेला. एवढंच. विचार केला, असं तो आता स्वतःला सांगू पाहायचा, पण नव्हता केला. आत मशीनवाला खाली मान घालून बसलेला, हातात यादी. वय, उंची, वजन ऑफिसातून आधीच भरून आलेलं. नाव विचारलं, दयारामनं कडूबाचं सांगितलं. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. "जोरात फुका, फुका, फुका, अजून, अजून." वर्दीतल्या माणसाचा चेहरा कोण पाहतो. मशीनवाल्यानं कागद काढला, ठसठशीत मोठा आकडा, आणि पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला, "वा, काका."

त्या 'वा'नं घोटाळा केला. दयारामच्या छातीचं कौतुक त्याआधी फार वर्षांपूर्वी झालं होतं. वयाच्या सतराव्या वर्षापासून तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. जयंतीच्या मिरवणुकीत त्याची एक लांब तान असायची, चौकाच्या या टोकाला सुरू झाली की मिरवणूक त्या टोकाला वळेपर्यंत तुटायची नाही, आणि पोरं मोठमोठ्यानं आकडे मोजायची. सुलतानपूरच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं त्याला जवळ बोलावून छातीवर थाप मारून पाहिली होती, आत काही बसवलंय का म्हणून. मग लग्नांत डीजे आले, बँड मोडला, ट्रम्पेट विकलं गेलं, आणि ती छाती नगरपालिकेच्या कामाला आली. फुंकीचं कौतुक पुन्हा होईल असं त्याला वाटलं नव्हतं. गाडीतून उतरला तेव्हा कडूबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मागून आणखी एक जण हळूच म्हणाला, "माहंबी करतं का भाऊ?" पहिल्या साली दोघांचं केलं. दुसऱ्या साली पाच. तिसऱ्या साली सात. मशीनवाला दर साली नवा, आणि 'वा' म्हणून झालं की त्याची मान पुन्हा यादीत. आणि त्यात त्यानं कसब आणलं, हे लपवून काय करायचं. सगळ्यांचा आकडा सारखाच आला तर संशय येईल, म्हणून म्हाताऱ्यासाठी जरा राखून फुंकायचं, बिडीवाल्यासाठी शेवटी सोडून द्यायचं, तरण्यासाठी पोट आत ओढून सगळं ओतायचं. ज्याची त्याची फुंक ज्याच्या त्याच्या मापानं, फक्त कडूबाची पहिल्या सालासारखीच पुरी, आकडा घसरलेला दिसू नये म्हणून. त्याला त्यात मजा वाटली. तीन वर्षं, दर शिबिराच्या दिवशी, त्याला आपण पुन्हा बँडमध्ये आहोत असं वाटायचं. स्वतःच्या नावावर तो सगळ्यांत शेवटी जायचा आणि तोवर डोळ्यांपुढे काजवे चमकत असायचे, त्यामुळे त्याचा स्वतःचा आकडा केंद्रात सगळ्यांत कमी, जेमतेम 'सामान्य'च्या रेघेवर. यावर सगळे फार हसायचे. तोही हसायचा. आता त्याच्या मनात यायचं की तो दमल्यामुळे कमी आला की खराच कमी होता, हे कोणी सांगायचं. सात कागदांवर त्याचीच फुंक, आणि आठव्या, त्याच्या स्वतःच्या कागदावरचाही आकडा खरा नाही असं तर नसेल.

फक्त समता हसली नव्हती. पहिल्याच संध्याकाळी त्यानं घरी येऊन बायकोला ही गोष्ट रंगवून सांगितली, मशीनवाल्याची नक्कल करून, 'वा, काका' करून. समता पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिनं विचारलं, "अन् कडूबा भाऊच्या छातीत काय हाये, ते मंग कोन पाहीन?" दयाराम म्हणाला, काही नाही त्याच्या छातीत, धूर आहे थोडा, निघून जाईल. तिनं लाटणं बाजूला ठेवलं. पोळी तव्यावर टाकली. ती फुगली आणि फुटून तिच्यातून वाफ निघाली, हे त्याला अजून दिसतं, म्हणजे त्याला तेव्हाही कळलं होतं. न कळल्यासारखं करण्यात माणूस किती हुशार असतो याचा अंदाज त्याला तीन वर्षांनी आला. कारण धूर निघून गेला नाही. कडूबा पहिल्यांदा जिना चढताना मध्ये थांबू लागला, मग बंबात चढताना. मग बोलताना वाक्याच्या मध्ये थांबू लागला, आणि मग वाक्यंच लहान करू लागला. दोन-तीन शब्दांत भागवायचा. केंद्रात म्हणायचे, कडूबा आता साहेबासारखा बोलतो.

परवा कोकिळा वहिनींचा फोन आला होता. कडूबाची बायको. डॉक्टरांनी जुने कागद मागितले म्हणून वहिनींनी घरून शिबिराचे तिन्ही कागद आणून दिले. जपून ठेवले होते त्यांनी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत. "डाक्टर कागद पाहूनच राह्यले भाऊ," त्या सांगत होत्या. "म्हनतात, आठ महिन्यांखाली यायचे फुप्फुस पंचविशीतल्या पोरासारखे होते. मंग इतक्यात असं काय झालं? आता म्हनतात हे काही जुनं दुखनं नाही, नवीनच काही शिरलं हाये, ते शोधून राह्यले. रोज रक्त काढतात. रोज इंजेक्शनं बदलतात. भाऊ, तुम्ही तं रोजचे संग होते. असं काय झालं हो आठ महिन्यांत?" दयारामनं फोन दुसऱ्या कानाला लावला. जणू त्या कानाला निराळं ऐकू येणार होतं. "येतो मी वैनी," तो म्हणाला. तेव्हापासून ते पंचविशीतलं फुप्फुस त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. दवाखान्यातले शिकलेले लोक कडूबाच्या छातीत जे शोधत होते ते तिथे नव्हतंच. आणि जे होतं, सोळा वर्षांचं, थरावर थर, ते कोणी शोधत नव्हतं, कारण दयारामनं ते फुंकून उडवून लावलं होतं.

पत्र घडी करून खिशात घातलं आणि तो हिंमतरावांच्या खोलीत गेला. हिंमतराव साहेब निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, माणूस वाईट नाही. टेबलावर पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून बंबाच्या पाइपचं एक जुनं पितळी तोंड ठेवलेलं. "साहेब, आज दवाखान्यात जातो. डॉक्टरले सांगून देतो," दयाराम उभ्यानंच म्हणाला. "काय सांगतं?" "ते कागद कडूबाचे नाहीत म्हनून. फुंक माही हाये." हिंमतरावांनी पेनचं टोपण लावलं. "सही कोनाची हाये त्याच्यावर?" "कडूबाची." "मंग कागद कडूबाचे झाले," ते म्हणाले, पण त्यांच्याच्यानं तिथे थांबवेना. उठले, दार लोटून घेतलं. "बस. मी आंधळा नोतो दयाराम. तिन्ही साल गाडी आली की मी पान खायले बाहेर जाऊन राह्यलो, ते काऊन, तुले नाही समजलं? तू सांगशीन. डॉक्टर लिहीन. लिहिलेलं वर जाईन. वरून विचारतीन, एकलाच कडूबा का अजून कोनी. अन् तू खोटं बोलनारा मानूस नाही, म्हनून तं मले भेव वाटते." दयाराम म्हणाला, "माहं मी भोगीन साहेब." "तुहं कोन विचारते? औंदा ऑर्डरी एप्रिलमधी निघतात. सगळ्यायच्या. फसवनूक म्हनून एक ओळ लिहितीन, झालं." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अन् शिबिराचं मनशीन तं मी तीन अर्ज केले रे. मास्क मांगतले, सिलिंडरवाले. वरून विचारतात, दोष कोनात हाये ते दाखवा. म्या काय दाखवू? तुही फुंक दाखवू?" हे ते रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. दयारामनं ते पितळी तोंड कागदांवर सरळ केलं आणि उठला. "मी जातो," तो म्हणाला. हिंमतरावांनी पेनचं टोपण काढलं आणि समोरचा कागद ओढला.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. काच अर्धी उघडी, बाहेर हरभऱ्याची रिकामी रानं, मध्येच गव्हाचा पिवळा तुकडा. सांगायचं, तो मनाशी म्हणाला, वॉर्डात गेल्या गेल्या सांगायचं, कडूबाकडे न पाहता. डॉक्टर साहेब, हे कागद माझे आहेत. नाही, असं नको. डॉक्टर साहेब, या माणसानं सोळा वर्षं धूर प्यालाय. असं सुरू करायचं. आणि वाक्य जुळवता जुळवता तो धूरच त्याच्या नाकात आला. चिखलीच्या अलीकडे एका जिनिंगच्या आवारात कापसाचा ढीग दिसला, पांढरा, उन्हात डोळ्यांना खुपणारा. लोकांना वाटतं आग म्हणजे ज्वाळा. कापसाची आग ज्वाळा दाखवत नाही. वरून ढीग पांढराच असतो आणि आत चार चार दिवस धुमसतो, पाणी मारा, वरचा थर भिजतो आणि आतला निखारा तसाच. एका वर्षी ते दोघं सलग तीन दिवस तशा ढिगावर होते. तोंडाला ओला गमछा. मास्क दोनच, आणि त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला, तो हिंमतरावांनी कपाटात ठेवलेला, तपासणीला कोणी आलं तर दाखवायला. आणि कापूस परवडला म्हणायचं असा तो गावाबाहेरचा कचऱ्याचा डेपो. दर उन्हाळ्यात पेटायचा, की पेटवला जायचा, आणि आठवडा आठवडा जळायचा. प्लॅस्टिक, टायरी, मेलेली जनावरं, दवाखान्याचा कचरा. कडूबा ड्रायव्हर म्हणून पंपापाशी, आणि पंप नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कारण पाण्याची टाकी त्या बाजूला. दयाराम पाइप घेऊन आत जायचा-यायचा, धुरातून बाहेर पडायचा. कडूबाला हलताच यायचं नाही. संध्याकाळी तो थुंकायचा ते काळं असायचं आणि तो दयारामला दाखवायचा. "पाह्य, शाई." हसायचा. मग त्याच काळ्या बोटांनी तंबाखू मळायचा. चिखलीला बस वीस मिनिटं थांबली. दयाराम खाली उतरला नाही. खिडकीशी पाण्याच्या बाटल्या, फुटाणे, काकड्या आल्या आणि गेल्या. त्याचं ते पहिलं वाक्य काही केल्या पुरं होत नव्हतं. सोळा वर्षं धूर प्यालाय, इथपर्यंत यायचं आणि पुढे 'सबब' यायचं.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. दयाराम जिना चढला आणि वरच्या पायरीवर, कठड्याला धरून, जरा थांबला. थांबलो हे ध्यानात आल्यावर लगेच चालू लागला. कोकिळा वहिनी पाण्याची बाटली घेऊन दारातच भेटल्या, नऊ दिवसांत नऊ वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या. "आले का भाऊ. बसा त्यायच्यापाशी, मी पानी भरून आनतो. डाक्टर चार वाजता येतात." तीन वाजले होते. कडूबा उशाला दोन उशा लावून बसला होता, नाकाला ऑक्सिजनची नळी, पाय पुढे सोडलेले. दयारामला पाहून त्यानं एक भुवई वर केली. बोलण्याचा खर्च वाचवायला त्यानं आता चेहरा कामाला लावला होता. दयाराम स्टुलावर बसला. तेव्हा कॉटवर चादरीच्या सुरकुतीत पडलेलं ते यंत्र त्याला दिसलं. खेळणंच म्हणा. प्लॅस्टिकच्या तीन नळकांड्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी, आणि बाजूनं निघालेली तोंडात धरायची लवचिक नळी. "हे काय?" त्यानं विचारलं. "व्यायाम," कडूबा म्हणाला. मग थांबून, "फुकाचं नाही. आत ओढाचं. गोळ्या वर जातात." मग आणखी थांबून, "तीन गेल्या की घरी. काल एक. आज एक बी नाही."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सिस्टर सलाइन लावत होत्या, पाठ यांच्याकडे. त्यांचं नाव वंदना, असं छातीवरच्या पट्टीवर होतं. कडूबाच्या खाटेच्या पायथ्याशी दोरीनं बांधलेला एक कागद लोंबत होता, त्यावर तारखा आणि तारखांपुढे आकडे. दयारामनं तो कागद पाहिला आणि त्याला वाटलं, आत्ताच, नाहीतर होणार नाही. "कडू," तो म्हणाला, "मी आज डॉक्टरले सांगनार हाये. त्या फुंकीचं." कडूबानं डोळे मिटले. "काऊन?" तो म्हणाला. "ते चुकीचं दुखनं शोधून राह्यले बे. त्या कागदायमुळं. खरं समजलं तं औषध बदलतीन, मोठ्या दवाखान्यात पाठवतीन." "अन् बरा होईन?" कडूबानं डोळे उघडले होते आणि तो सरळ दयारामकडे पाहत होता. मागच्याच आठवड्यात दयारामनं रेणुकाला सांगून मोबाइलवर वाचून घेतलं होतं, अशा छातीचं काय होतं ते. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, उरलेलं तेवढं थोडं लांबवता येतं. "थोडं बरं होशीन," तो म्हणाला. कडूबानं हात वर केला, थांब म्हणून. मग एकेक तुकडा करत तो बोलला, आणि नऊ दिवसांत तो एवढा लांब बोलला नसावा. "एप्रिलमधी ऑर्डर हाये. मी तंदुरुस्त हाओ असं. कागदावर. तेवढंच हाये माह्यापाशी. तेबी घेऊन जाशीन तू?"

दयारामनं मान खाली घातली. त्याला कडूबाचा राग आला, आणि त्याच वेळी त्याला रडू आलं, आणि या दोन्हींत काही वेगळं आहे असं त्याला वाटेना. बंब चालवू शकत नाही, चार पावलं चालू शकत नाही, आणि ऑर्डरची वाट पाहतोय. पण मग त्यानं दुसऱ्या कशाची वाट पाहावी, हेही दयारामला सांगता येईना. सोळा वर्षं दोघं एकत्र टपरीवर बसून त्या खिडकीकडेच तर पाहत आले. मांडीवर काहीतरी हलकं येऊन पडलं. त्यानं पाहिलं, ते यंत्र होतं. कडूबानं ते त्याच्याकडे सरकवलं होतं आणि भुवईनं सिस्टरकडे, सिस्टरच्या पाठीकडे खूण करत होता. "तू ओढ," तो म्हणाला. ओठ जेमतेम हलले. "बाई पाहून नाही राह्यली." त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, पांढऱ्या गाडीच्या पायरीवरून परत वळून आला तेव्हाचं. भीती, आणि भीतीत मिसळलेला विश्वास. माणसाला असं पाहिल्यावर नाही कसं म्हणायचं हे दयारामला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं नळी तोंडात धरली. ही पुठ्ठ्याची नव्हती, प्लॅस्टिकची होती, तिला कडूबाच्या तोंडाचा, औषधाचा वास होता. फुंकायची सवय असलेल्या छातीला आत ओढायचं कळायला क्षणभर लागला. पहिली गोळी टक्कन वर गेली. दुसरी गेली. तिसरी मध्ये थरथरत राहिली आणि खाली आली. त्यानं नळी काढली, श्वास जमवला, पाठ ताठ केली, पोट आत घेतलं आणि पुन्हा ओढलं, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. तिसरी टक्कन वर लागली.

आवाज ऐकून सिस्टर वळल्या तोवर यंत्र कडूबाच्या हातात होतं. "किती गेल्या काका?" "तीनही," कडूबा म्हणाला. वंदना सिस्टरांनी खिशातलं पेन काढलं, दोरीचा कागद वर धरला आणि आजच्या तारखेपुढे तीनचा आकडा लिहिला, वळणदार अक्षरात. "बघा, म्हटलं नव्हतं? मनावर घेतलं की जमतं. डॉक्टर आले की दाखवते, उद्या सोडतील घरी." कोकिळा वहिनी पाण्याची बाटली घेऊन आल्या, त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं. बाटली खाटेवर ठेवली. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग दयारामकडे, आणि त्याला दोन्ही हात जोडले. "तुम्ही आले भाऊ, अन् पाहा," त्या म्हणाल्या, "तुमच्या नुसत्या येन्यानं सुदरले." दयारामला त्या हातांकडे पाहवेना. कडूबा उशीवर मान टाकून वरच्या पंख्याकडे पाहत होता आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात, अगदी बारीक, हसू होतं. डॉक्टर चार वाजता येणार होते. साडेतीनला गावाकडची बस होती. दयाराम तिनं निघाला.